मनातली गाडी बनवायची तर वळणापासून सुरुवात करा

गेली एकवीस वर्षं मी एका चौकटीच्या वहीत एक गाडी बनवते आहे. ती कुठल्या कारखान्यात तयार होत नाही आणि होणारही नाही. तरी तिचं वजन मला किलोपर्यंत ठाऊक आहे, क्लच किती दाबल्यावर सुटतो ते ठाऊक आहे, आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना मनगट किती हलतं तेही ठाऊक आहे. गाडी चालवायला मनापासून आवडणाऱ्या प्रत्येकाने अशी एक गाडी कागदावर उतरवावी असं मला वाटतं. पुढे कधी खरी गाडी घ्यायला गेलात, नवी असो की जुनी, तर आपण काय शोधतोय हे तुम्हाला नेमकं माहीत असतं. ती कशी उतरवायची, ते सांगते.

माझ्या मामेभावाने मागे असाच प्रयत्न केला. कोरं पान समोर ठेवलं आणि पहिलीच ओळ सांगितली, "ताई, लिही, चारशे हॉर्सपॉवर."

"आणि ती वापरणार कुठे?" मी विचारलं.

त्याने बराच वेळ विचार केला. शेवटी आम्ही ती ओळ खोडली आणि जिथून मी दरवेळी सुरुवात करते तिथून केली.

आधी एक वळण निवडा

तुम्हाला पाठ असलेलं, रोजच्या रस्त्यावरचं एक वळण घ्या. माझं वळण डावीकडे जातं. त्याच्या आधी छोटा पूल आहे, पुलाच्या टोकाला डांबराचा उंचसखल जोड आहे, आणि वळण संपताना रस्ता चढाला लागतो. ते मी दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी ५० किलोमीटरच्या आसपास घेते. वळणाची त्रिज्या साधारण ४० मीटर भरते. गणित केलं तर तिथे अर्धा जी लागतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या निम्म्या जोराने तुम्ही बाहेरच्या बाजूला रेटले जाता. तेवढ्यात अंगाला सगळं कळतं. त्यासाठी ताशी दोनशेची गरज पडत नाही.

वळणाचं चित्र काढा आणि त्यावर लिहा: ब्रेक कुठे लावता, गिअर कुठे बदलता, स्टिअरिंग कुठे वळवायला घेता, पाय परत अॅक्सिलरेटरवर कुठे येतो, गाडी कुठे अडखळते. पुढचा प्रत्येक निर्णय या चित्राला विचारून घ्यायचा. एखादी गोष्ट त्या पाच-सहा सेकंदांत तुमच्या हातापायांना जाणवणार नसेल, तर तिला वहीत जागा नाही. माझी गाडी या एकाच कसोटीवर उभी आहे: ज्या वेगाने मी खरोखर चालवते, त्या वेगाला ती माझ्याशी बोलली पाहिजे.

वजनाचा हिशोब

पहिला आकडा वजनाचा लिहा आणि तो शाईने लिहा. बाकी सगळे आकडे पेन्सिलीने चालतील.

याचं कारण वर काढलेल्या वळणातच आहे. हजार किलोची, बुटकी गाडी त्या वळणावर अर्ध्या जीने गेली तर आतल्या चाकांवरचा साधारण १७० किलो भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. सोळाशे किलोची उंच गाडी त्याच वेगाने नेली तर सुमारे ३३० किलो सरकतो. हा भार टायरने झेलायचा, स्प्रिंगने झेलायचा, आणि मग त्याला आवर घालायला जाड स्प्रिंगा, रुंद टायर, मोठे ब्रेक लावायचे. त्यांचं पुन्हा वजन. वजन आलं की सोबत गोतावळा घेऊनच येतं. उलट एका ठिकाणी दहा किलो वाचवले तर दुसरीकडचे दोन-तीन आपोआप वाचतात. थांबायचं म्हटलं तरी तोच हिशोब: ताशी १०० किलोमीटरवरून हजार किलोची गाडी थांबवताना ब्रेकना साधारण ३८६ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते, दीड हजार किलोच्या गाडीला ५७९.

हे होऊ शकतं का, असं मनात आलं तर जे झालंय ते बघा. १९६२ ची लोटस एलान ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार सातशे किलोच्या आत होती. १९७६ ची पहिली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ११० हॉर्सपॉवरची आणि जेमतेम ८१० किलोची, म्हणजे टनामागे साधारण १३६ हॉर्सपॉवर. १९९६ ची लोटस एलिस सव्वासातशे किलोंच्या आसपास. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ ने एलानकडे बघून धडा घेतला, आणि तिची चौथी पिढी २०१५ साली एअरबॅगा वगैरे सगळं सांभाळून जपानमध्ये ९९० किलोपासून सुरू झाली. तिथल्या इंजिनिअरांनी एकेका भागातून अक्षरशः ग्रॅमने वजन काढलं होतं. गॉर्डन मरे या गाड्या डिझाइन करणाऱ्या माणसाने तर १९९२ ची मॅक्लारेन एफ-१ आणि २०२० ची टी.५० या दोन्ही गाड्या याच ध्यासातून उभ्या केल्या. टी.५० मध्ये बारा सिलिंडरचं इंजिन असूनही ती हजार किलोच्या आत बसते.

माझ्या वहीत आकडा आहे ९८०. एकेक भागाची रक्कम मांडत बसायला मला फार आवडतं. दोन सीट, प्रत्येकी १३ किलो. चार चाकं टायरसकट ५८. पेट्रोल ४५ लिटर, म्हणजे साधारण ३३ किलो. मागच्या सीट हव्यात की नकोत हा वाद मी स्वतःशी तीन वर्षं घातला आणि शेवटी दोन लहान सीट ठेवल्या, कारण ज्या गाडीत आणखी कुणाला बसवता येत नाही ती मी रोज काढणार नाही, आणि रोज न काढलेल्या गाडीशी माझी ओळख होणार नाही. एअरबॅगा, एबीएस आणि गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा मात्र काढायची नाही. तिथे वाचवलेलं वजन मला नको.

वजन किती एवढ्यावर भागत नाही, ते कुठे आहे हेही लिहा. हातात पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या घ्या आणि छातीशी धरून गर्रकन वळा. मग हात लांब पसरून तसंच वळा. दुसऱ्या वेळी वळायला आणि थांबायला किती जड जातं ते खांद्यांना कळेल. गाडीचंही असंच असतं. इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेच्या मागे, टाकी मागच्या चाकांच्या पुढे, बॅटरी मधे कुठेतरी. जड ते सगळं पोटाशी. होंडा एस२००० मध्ये हे फार निगुतीने केलेलं आहे आणि पुढचं-मागचं वजन जवळपास निम्मं-निम्मं वाटलेलं आहे.

तळहाताएवढी जागा

आता आपला तळहात बोटांसकट वहीवर ठेवा आणि त्याच्याभोवती पेन्सिल फिरवा. हजार किलोच्या गाडीत एका चाकावर अडीचशे किलो येतात. टायरमध्ये ३० पीएसआय हवा असेल तर त्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण १२० चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे तुम्ही आत्ता काढलेल्या आकृतीएवढा. चार तळहात. ब्रेक, वळण, पिकअप, सगळं त्या चार तळहातांवर.

टायर रुंद घेतला म्हणून ही जागा फारशी वाढत नाही. तिचा आकार बदलतो, आडवी आणि आखूड होते. रुंद टायरला ग्रिप जास्त मिळते हे खरं, पण ती सुटताना बऱ्याचदा पटकन सुटते आणि आधी फारशी कुणकुण देत नाही. अरुंद, थोडा उंच बाजूंचा टायर लवकर बोलायला लागतो, आणि माझ्या ५० च्या वेगाला मला तेच हवं आहे. टोयोटाने २०१२ मध्ये जीटी८६ आणली तेव्हा तिला मुद्दाम २१५ मिलिमीटर रुंदीचे मिशेलिन प्रायमसी टायर दिले, टोयोटाच्याच प्रियस या साध्या हायब्रिड गाडीवर मिळणाऱ्या जातीचेच. कित्येकांना ते पटलं नव्हतं. मला तो निर्णय आजही धाडसी वाटतो, कारण त्यामुळे ती गाडी साध्या वेगातही मागून हलकेच सरकते आणि सरकतेय हे सांगत राहते.

हे मी अनुभवातून शिकले. माझ्या पहिल्या हॅचबॅकला १४ इंची चाकं होती. मी हौसेने १६ इंची चाकं आणि चपट्या बाजूंचे टायर बसवले. गाडी दिसायला देखणी झाली. त्या संध्याकाळी माझ्या वळणावर गेले तर पुलाच्या जोडावर पुढचं चाक आदळलं, क्षणभर हवेत राहिलं, आणि स्टिअरिंग हातात लाकडासारखं झालं. दुसऱ्या दिवशी घरच्या वजनकाट्यावर जुनं आणि नवं चाक ठेवून पाहिलं. जुनं १४ किलो, नवं साडेअठरा. हे साडेचार किलो स्प्रिंगच्या खालचे. प्रत्येक खड्ड्यात त्यांना वर उचलायचं आणि खाली दाबायचं काम शॉक अब्जॉर्बरला करावं लागतं, आणि तेवढा वेळ तळहात रस्त्यावर नीट टेकत नाही. महिनाभरात जुनी चाकं परत बसवली. म्हणून वहीतल्या गाडीला १५ इंची चाकं आहेत, टायर १९५/५० (रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ५० टक्के), आणि हा निर्णय मी कधीही बदलणार नाही.

स्टिअरिंगचं बोलणं

गाडी शिकवताना बाबा रेडिओ बंद करायचे, काचा खाली घ्यायचे आणि म्हणायचे, "हात सैल ठेव. चाकं काय सांगतात ते ऐक." बरीच वर्षं मला वाटायचं की हे नुसतं बोलायचं म्हणून. पुढे त्यामागचं यंत्रशास्त्र समजलं तेव्हा मी बाबांना फोन करून सगळं वाचून दाखवलं होतं.

होतं असं. वळणात टायरचा टेकलेला भाग थोडा पिळला जातो, आणि रस्त्याचा आडवा जोर त्या भागाच्या बरोबर मध्यावर न लागता किंचित मागच्या बाजूला लागतो. त्यामुळे चाक स्वतःहून सरळ व्हायला बघतं, आणि तो ताण तुमच्या हातात येतो. वळण जसं घट्ट करत जाल तसा ताण वाढतो. पण ग्रिप संपत आली की तो जोर मध्याकडे सरकतो आणि स्टिअरिंग हलकं पडू लागतं, टायर खरोखर सुटण्याच्या जरासं आधी. तो हलकेपणा म्हणजे इशारा. ज्या गाडीत तो बोटांपर्यंत पोचतो तिच्यात तुम्ही निर्धास्त असता. ज्या गाडीत पॉवर स्टिअरिंगची मोटर आणि सांध्यांतले रबरी बुश मधल्या मधे तो गिळून टाकतात, तिच्यात इशारा कानाला मिळतो, टायर किंचाळल्यावर.

वहीत लिहिताना 'स्टिअरिंग चांगलं हवं' असं मोघम लिहू नका. ताण कसा चढावा ते लिहा, अगदी आलेख काढून. मी मधल्या जागेपासून पहिल्या काही अंशांत हलका पण स्पष्ट ताण मागितलाय, कारण सरळ रस्त्यावरही गाडी जिवंत वाटायला हवी. त्या टोकापासून या टोकापर्यंत पावणेतीन फेऱ्या. पॉवर स्टिअरिंग असावं की नसावं? एलिसमध्ये नाही, पहिल्या एमएक्स-५ च्या साध्या आवृत्तीतही नसायचं. इतक्या हलक्या गाडीला आणि १९५ च्या टायरला ते नसलं तरी चालतं. गाडी लावताना खांदे भरून येतात, ते मला मंजूर आहे.

पाय, हात, डोळे

उभ्या गाडीत बसा, इंजिन बंद ठेवा आणि डोळे मिटा. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबा, आणि तोच पाय तिरका करून त्याच्या कडेने अॅक्सिलरेटरला टिचकी मारता येते का बघा. डाउनशिफ्ट करताना, म्हणजे खालच्या गिअरमध्ये येताना, इंजिनाचे फेरे चाकांच्या वेगाशी जुळवून घेतले नाहीत तर क्लच सोडताना गाडीला हिसका बसतो, आणि तो नेमका वळणाच्या तोंडाशी, जिथे गाडी शांत हवी. त्यासाठी ब्रेक दाबलेला असताना दोन्ही पेडल जवळपास एका पातळीत यायला हवीत. घरच्या गाडीत फूटपट्टी लावून मोजा: किती अंतर आहे, किती असतं तर सोपं गेलं असतं. खरी गाडी बघायला जाल तेव्हा याच गोष्टीकडे कुणाचं लक्ष नसतं आणि हीच नंतर बदलणं अवघड.

ब्रेकच्या पेडलला खेळ कमी असावा आणि ब्रेक पायाच्या दाबावर चालावा, अंतरावर नाही. ब्रेक ऑइलचाही विचार करा. डॉट ४ या दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी शोषून घेतल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. लांबच्या उतारावर पेडल मऊ पडतं त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

गिअरचा दांडा, इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या लांबीच्या दिशेने एकामागे एक बसवलेल्या गाडीत, थेट गिअरबॉक्समधून वर येऊ शकतो, आणि त्याची खटक हाताला कळते. केबलवरून चालणाऱ्या दांड्याला ती चव येत नाही, कितीही चांगला केला तरी.

डोळ्यांसाठी एकच मागणी: काचेच्या बाजूचे खांब बारीक असावेत आणि बोनेटची कड दिसावी. १९९० च्या होंडा एनएसएक्सची कॅबिन एफ-१६ लढाऊ विमानाच्या कॉकपिटवरून सुचलेली होती, आणि आत बसल्यावर जो मोकळेपणा येतो तो आजच्या जाड खांबांच्या गाड्यांत सापडत नाही. वळण दिसलं नाही तर ते नीट घेता येणार कसं?

इंजिन, शेवटी

इतकं झाल्यावर इंजिनाचं पान उघडायचं. तोवर ते जवळपास स्वतःच ठरलेलं असतं. माझं दीड लिटरचं, टर्बो नसलेलं, १३० हॉर्सपॉवरचं, मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत मोकळं पळणारं. टर्बो का नको? धुराच्या जोरावर पंखा फिरून हवा भरली जाईपर्यंत जो श्वासभर वेळ जातो, तो मला वळणातून बाहेर पडताना सहन होत नाही. पाय जेवढा दाबला तेवढंच आणि त्याच क्षणी मिळावं. एस२००० चं दोन लिटरचं इंजिन ९,००० फेऱ्यांपर्यंत चढायचं, ते मनात ठेवूनच मी हे लिहिलं. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणारं जड चाक, हलकं, म्हणजे टिचकीला फेरे चटकन वर जातात.

गिअर आखूड ठेवा. माझ्या टायरच्या घेराने हिशोब केला: दुसऱ्या गिअरचं प्रमाण १.९ आणि डिफरन्शियलचं (चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या गिअरचं) ४.१ घेतलं तर ७,००० फेऱ्यांना ताशी ९७ येतात. म्हणजे साध्या रस्त्यावर दुसरा, तिसरा, परत दुसरा असा खेळ करता येतो. कित्येक ताकदवान गाड्यांचा दुसरा गिअर सव्वाशेच्याही पुढे जातो. मग रस्त्यावर तो पुरता कधी वापरणार?

ओढणारी चाकं कोणती, यावर भांडणं होतात. मी मागची निवडली, कारण पुढच्या तळहातांनी फक्त वळावं, ढकलायचं काम मागच्यांनी करावं. पण पुढची चाकं ओढणारी गाडी कमी दर्जाची असं मुळीच समजू नका. अॅलेक इसिगोनिसची १९५९ ची मिनी दहा इंची चाकांवर धावायची, आणि तिने १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीन वेळा माँटे कार्लो रॅली जिंकली.

विजेवर चालणारी गाडी मी वेगळ्या पानावर मांडून पाहिली आहे. पायाला मिळणारा प्रतिसाद तिच्यात अप्रतिम आणि वजनही तळाशी. पण लांब पल्ल्याची बॅटरी शेकडो किलोंची होते आणि माझं ९८० मोडतं. बॅटरी छोटी, पल्ला कमी, असं कुणी मनापासून केलं तर ते पान मी पुढे नेणार आहे.

स्प्रिंगा मऊ ठेवा. हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं, पण एलानही मऊच होती. गाडी थोडी कलावी, कलताना किती कलली ते कळावं, आणि शॉक अब्जॉर्बरने तिला एका हालचालीत सावरावं. हजार किलोच्या गाडीला हे परवडतं.

आता चालवून बघा

पान भरलं की एखाद्या शांत रात्री डोळे मिटून ते वळण घ्या. पूल आला. चवडा ब्रेकवर, तिसऱ्यातून दुसऱ्यात, टिचकी, क्लच सुटला, हिसका नाही. डांबराच्या जोडावर पुढचं चाक वर गेलं आणि लगेच टेकलं. हात डावीकडे, ताण चढतोय. जिथे तुम्हाला नीट दिसत नाही, हाताला काय जाणवतंय ते सांगता येत नाही, तिथे वहीत फुली मारा. तेवढा भाग अजून ठरलेला नाही. दुसऱ्या दिवशी कुणाची तरी गाडी मागून घ्या आणि फक्त तेवढी एकच गोष्ट तिच्यात बघा.

माझ्या वहीत सध्या एकच फुली उरली आहे, हँडब्रेकच्या दांड्याची जागा. आणि गेल्या महिन्यात त्या पुलावरचा उंचसखल जोड नव्या डांबराने सपाट केला. चित्रात मी तो तसाच ठेवला आहे, कारण शॉक अब्जॉर्बरचे सगळे आकडे त्याच्यावरच बेतलेले आहेत.